दिल्लीचा फॉर्म आणि औशाकडची शाळा

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण मागं वीस-पंचवीस माणसांची रांग उभी असताना तहसीलच्या खिडकीत तोंड घालून कारकुनाला नागरिकशास्त्र शिकवायचा मूर्खपणा एकदाच केला. तो इतका पुरला की दुसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

लेक बारावी पास झाली होती. कॉलेजच्या प्रवेशासाठी तिचा जातीचा दाखला काढायचा होता. मी तेव्हा मुरुडच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. रोज लातूरहून एस्टीनं जायचं, दुपारच्या तासाला नागरिकशास्त्र शिकवायचं आणि एस्टीनं परत यायचं. चाळिशी उलटलेली, चष्मा नवा, पर्स मोठी आणि आवाज वर्गातला. तोच आवाज घेऊन मी तहसीलात गेले होते.

कारकून भला माणूस. लेकीचा दाखला माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाई, हे राज्याचं झालं. केंद्राच्या नमुन्यात पण एक अर्ज देऊन ठिवा. पुढंमागं लागतंय."

एवढंच. चांगल्या मनानं दिलेला सल्ला. शहाण्या बाईनं "हो" म्हणून फॉर्म घेतला असता. मी पर्स खांद्यावर सारखी केली.

"का म्हणून?" मी म्हटलं. "देशाचं संविधान एक, नागरिकत्व एक. मग दाखले दोन कसे? राज्याच्या अधिकाऱ्यानं सही केलेला कागद केंद्राला चालत नाही की काय? शिक्षण तर समवर्ती यादीत आहे!"

मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर हाय बाईचं." झालं. मला तेवढंच पुरे होतं. मी आणखी पाच मिनिटं बोलले. लेक पदर ओढत होती, तो मी तिच्या हातातून सोडवून घेतला. कारकून शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी त्यानं तो दुसरा फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मी जिंकून घरी आले. वाटेत लेकीला उसाचा रस पाजला, जिंकल्याबद्दल.

आता खरं सांगते. आता लपवून काय उपयोग, पासष्टी उलटली. मी त्या फॉर्मला नाही म्हटलं ते काही संविधानावरच्या प्रेमानं नव्हे. फॉर्म मी उलटा वाचला होता, खिडकीच्या अलीकडून. त्यात एक रिकामी जागा होती आणि त्या जागेत जातीचं नाव लिहायचं होतं. राज्याच्या कागदावर आम्ही नवबौद्ध. मला ते पुरत होतं. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून माझ्या सासऱ्यांनी जुन्या जातीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. घरात कुणी काढलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव शाळेत घालताना गुरुजींनी सवयीनं ते लिहिलं, तर यांनी तिथंच उभं राहून खोडायला लावलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या: मामांना चहात साखर जास्त लागते, आणि ते नाव या घरात नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. गवंडी माणूस. लातुरातल्या कितीतरी भिंती त्यांच्या हातच्या. मग त्यांच्या नातीसाठी तो शब्द मी कोऱ्या जागेत कसा लिहायचा? म्हणून मी भांडले. भित्रा माणूस कायद्याचा आधार घेतो तो असा.

वर्गात मी केंद्र आणि राज्य फार झोकात शिकवायची, बरं का. उजवा हात वर करायचा, म्हणजे दिल्ली: संरक्षण, परराष्ट्र, चलन, रेल्वे, टपाल. डावा हात, म्हणजे मुंबई: पोलीस, शेती, दवाखाने. आणि दोन्ही हात जोडले की समवर्ती: शिक्षण, वनं, लग्नाचे कायदे. पोरं माझ्याबरोबर हात वर करायची. कवायत आहे का नागरिकशास्त्र आहे, बाहेरून जाणाऱ्याला कळायचं नाही. एकदा एका पोरीनं दोन्ही हात खाली ठेवून विचारलं, "बाई, जात कुणाच्या यादीत?"

"ते परीक्षेला नाही," मी म्हटलं.

पाच वर्षांनी ते परीक्षेला आलं.

लेकीनं केंद्राच्या एका नोकरीची परीक्षा दिली आणि पास झाली. आमच्या घरात नवरा एस्टीत कंडक्टर, म्हणजे राज्याचा. मी जिल्हा परिषदेची. दिल्लीची म्हणावी अशी ही पहिलीच होणार होती. पत्र आलं. कागदपत्रं तपासायला नांदेडला बोलावलं होतं. पत्राखाली कागदांची यादी होती आणि त्यात ते वाक्य: जातीचा दाखला केंद्र सरकारच्या विहित नमुन्यातच हवा, नसल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जाईल. खुल्या प्रवर्गात लेकीचे मार्क थोडक्यात कमी पडत होते. म्हणजे कागद नाही तर नोकरी नाही. हातात बारा दिवस.

लेकीनं पत्र माझ्यापुढं ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, मी त्या दिवशी तुझा पदर ओढत होते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी परत तिथंच. कारकून तोच होता, केस तेवढे पिकलेले. मी रात्रभर माफी पाठ करून गेले होते. "तुम्ही मागं मला सांगितलं होतं..." अशी सुरुवात केली. त्याला काही आठवत नव्हतं.

"बाई, संविधान एक अन् दाखले दोन कसे, हे मला दर आठवड्याला एक जण सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही त्यातल्या कोण?"

माझं भाषण माझंसुद्धा नव्हतं तर! मग त्यानं मला तो तास शिकवला, जो मी वीस वर्षं हात हलवून शिकवत होते. कुठली जात अनुसूचित, ही यादी दिल्लीची. ती राज्याराज्याला वेगळी आहे, पण तिच्यात नाव घालणं किंवा काढणं राज्याच्या हातात नाही, ते संसदेचं काम. आमचे लोक बौद्ध झाल्यावर राज्यानं आपल्या अधिकारात सवलती चालू ठेवल्या. दिल्लीनं बौद्धांना त्या यादीत धरलं ते पुढं कितीतरी वर्षांनी. म्हणून राज्याच्या कागदाला 'नवबौद्ध' एवढं पुरतं आणि दिल्लीच्या कागदाला यादीतलं नाव लागतं.

"म्हणजे दाखला आता दिल्लीहून आणायचा?" मी विचारलं. मला दिल्लीची गाडी, दिल्लीतलं ऑफिस, दिल्लीतला हिंदी बोलणारा साहेब सगळं दिसायला लागलं.

"दिल्लीहून कशाला?" कारकून म्हणाला. "नोकरी दिल्लीची, यादी दिल्लीची, फॉर्म दिल्लीचा. सही मात्र आमच्या प्रांतसाहेबांची. ह्याच बिल्डिंगमधी, वरच्या मजल्यावर. दिल्लीवाल्याला काय ठाऊक तुम्ही कोण हात? ते आपल्याच माणसाला इचारतेत."

इतकं हलकं वाटलं मला, काय सांगू. सगळं हिंदुस्थानचं सरकार जिना चढून गाठता येत होतं.

"फक्त पोरीच्या वडिलांच्या कागदावर जातीचं नाव खोडलेलं हाय," मी दिलेले कागद चाळत तो पुढं म्हणाला. "मग आजोबांचा शाळेचा उतारा लागंल, पन्नास सालाच्या आधीचा. शाळा शिकलेत का आजोबा?"

"दोन वर्षं," मी म्हटलं. "औशाकडच्या त्यांच्या गावात. निजामाच्या काळात."

"मग दिल्लीला नका जाऊ, औशाला जा. अन् आजोबांची सही आणा अर्जावर."

दिल्ली सोपी होती. मामा अवघड होते.

सरळ जाऊन सांगायचं, तर ती मी कसली! मी घरी येऊन अर्ज घडी घालून, खालची सहीची जागा तेवढी दिसेल असा धरून मामांपुढं गेले. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"मामा, इथं एक सही करा. म्हाताऱ्या माणसांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, त्याचा अर्ज आहे."

"रेल्वेचा का एस्टीचा?"

मला कुठं माहीत! "दोन्हीचा," मी म्हटलं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "दोन्हीचा एका कागदावर कसा होईल? रेल्वे दिल्लीची, एस्टी आपली. मास्तरीण हाईस का कोण? आण इकडं."

कागद उलगडून त्यांनी तो वाचला. डोळ्यांपासून लांब धरून, ओठ हलवत, सगळा. मी चुलीवर दूध नसताना दूध बघायला आत गेले. लेक दारात उभी होती.

"पोरीच्या नोकरीचं हाय व्हय हे?" बाहेरून आवाज आला.

"हो आजोबा," लेकच बोलली. मला धीर झाला नाही.

"किती दिस हायेत?"

"अकरा."

"मंग मला सांगायचं सोडून ही बाई एस्टीच्या गोष्टी काय सांगत बसली?" आणि मग माझं नाव घेऊन नव्हे, "ए मास्तरीण," अशी हाक आली. "उद्या सकाळची गाडी धरू. माझं धोतर काढून ठिव."

चेहऱ्यावरून काही कळेना. राग नव्हता, पण राग नसणं म्हणजे दुःख नसणं नव्हे, असं मला आपलं वाटत राहिलं. मी रात्री लेकीला म्हणाले, "त्यांना काही विचारू नकोस. तो शब्द तिथं कुणी मोठ्यानं वाचला तर मी खोकते, तू त्यांना बाहेर ने." आम्ही दोघींनी बेत केला. मला बेत करायची फार हौस.

औशाच्या स्टँडवर उतरून, वडापच्या जीपमधून आम्ही त्यांच्या गावी गेलो. शाळा नवी झाली होती, स्लॅबची, रंग दिलेली. हेडमास्तर तरुण. आमचा अर्ज वाचून त्यांनी खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि शिपायाच्या मदतीनं एक रजिस्टर काढलं. कापडी बांधणीचं, कडा उंदरानं खाल्लेल्या. टेबलावर उघडलं आणि हेडमास्तर माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं.

सगळं उर्दूत होतं.

"निजामाच्या टायमाचं सगळं असंच आहे, बाई," हेडमास्तर म्हणाले. "औशाच्या उर्दू शाळेतले एक सर येतात वाचून द्यायला. पण ते पुढच्या आठवड्यात..."

लेक खुर्चीत बसली. तोवर जेमतेम तीन-चार दिवस उरले असते. मी रजिस्टरची पानं उलटायला लागले, जसं काही उलटत राहिलं तर मराठी लागेल.

"सरक," मामा म्हणाले.

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, चष्मा धोतरानं पुसला आणि बोट पानाच्या उजव्या कडेला टेकवलं. उजवीकडून. मी बघत राहिले. तीस वर्षं एका घरात राहिले मी या माणसाबरोबर आणि त्यांना उर्दू वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? कधी विचारलंच नव्हतं. दोन वर्षांची शाळा म्हणजे अडाणी, असं माझ्या डीएडनं मला शिकवलं होतं.

बोट हळूहळू खाली सरकत गेलं. चार पानं झाली. पाचव्या पानावर थांबलं.

"हे बघा. म्या." मग त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, वडलांचं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं. मी खोकायला तयार झाले. लेकीनं त्यांच्या दंडाला हात लावला. आणि त्यांनी पुढचा रकाना वाचला. ते नाव. मोठ्यानं, साध्या आवाजात, जसं विटांचा भाव सांगावा तसं. माझा खोकला घशातच राहिला.

हेडमास्तरांनी घाईनं लिहून घेतलं. शिपाई इकडं तिकडं बघायला लागला. मी मामांकडं बघितलं. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला होता. आलं, मी मनात म्हटलं. आता काय करू या माणसाचं?

"हे काय लिवलंय?" ते ओरडलेच. बोट शेवटच्या रकान्यावर आपटत होते. "शाळा सोडण्याचं कारण: गैरहाजरी! म्या गैरहाजर? ह्योच मास्तर मला रोज त्याच्या म्हशी घेऊन वढ्याला धाडत हुता! 'जा रे, म्हशी चारून आण.' अन् मागं लिवत हुता गैरहाजर! मायला ह्याच्या!"

"आजोबा..." हेडमास्तर उठून उभे राहिले.

"आधी ते दुरुस्त करा. लिवा, मास्तरच्या म्हशीमागं हुता."

"आजोबा, साठ वर्षं झाली, मला तसा अधिकार नाही..."

"मंग कुणाला हाय? दिल्लीला का मुंबईला? लिवा अर्ज, म्या दस्तखत करतो!"

लेक पहिल्यांदा हसली. तोंडावर ओढणी धरून हसली, मग ओढणी सुटली. मीही हसले. शेवटी हेडमास्तरसुद्धा. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांचा राग खरा होता. जात वाचताना त्यांच्या डोळ्याची पापणीही हलली नव्हती, पण गैरहाजरीनं त्यांना साठ वर्षांनी घायाळ केलं होतं. मी मात्र पाच वर्षं भलत्याच रकान्याला घाबरत बसले होते.

वाचणारा आणि ज्याचं वाचायचं तो एकच माणूस, हे कागदाला चालत नाही, असं हेडमास्तर म्हणाले, आणि ते बरोबर होतं. पण मामांनी त्या उर्दूच्या सरांना फोन लावायला लावला आणि फोनवर त्यांच्याशी दखनीत असे काही बोलले की सर संध्याकाळच्या आत स्वतःच्या मोटारसायकलवर आले. त्यांनी ओळ तपासली, मराठीत उतरवून दिली, सही केली. जाताना मामांना म्हणाले, "चाचा, आप की उर्दू तो अच्छी है." मामा म्हणाले, "दो साल में जितनी आई."

पुढं सगळं सुतासारखं झालं. उतारा जोडला, प्रतिज्ञापत्र केलं, आणि सातव्या दिवशी प्रांतसाहेबांची सही झालेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लेकीच्या हातात आला. कारकुनानं तो देताना विचारलं, "राज्याचं हाय ना तुमच्याकडं आधीचं? ते पण नीट ठिवा." मी "हो" म्हटलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू, नुसतं "हो" म्हणून.

नांदेडला आम्ही दोघीच गेलो. अहमदपूर, लोहा करत एस्टी दहाच्या सुमारास पोचली. आत फक्त उमेदवारांना सोडत होते. मी बाहेर फाटकाशी, दुसऱ्या आयांबरोबर. एक धर्माबादहून आलेली, तिच्या डब्यात चिंचेचा भात होता. तिनं मला अर्धा दिला. तिच्या पोराच्या कागदात पण काहीतरी कमी होतं. मी तिला सांगितलं, "प्रांताकडं जा, दिल्लीला जायची गरज नाही." माझ्या तोंडातलं हे पहिलं खरं नागरिकशास्त्र.

दुपारी लेक बाहेर आली. चालत येत होती, पळत नव्हती, म्हणून मी घाबरले.

"काय झालं गं?"

"काही नाही. त्यांनी बघितलं, टिक केली, पान उलटलं."

"एवढंच?"

"अर्धा मिनिट पण नाही आई."

मी फाटकाच्या खांबाला टेकले. अर्ध्या मिनिटासाठी केवढा हा खटाटोप! पण ते अर्धं मिनिट नीट गेलं. लेक आज नांदेडलाच असते, त्याच खात्यात. तिची मुलं तिथंच शिकतात. परवा नातीनं फोनवर विचारलं, केंद्र आणि राज्य यांच्यात अधिकार कसे वाटलेत, दहा ओळींत सांग. दहा ओळींत कसं सांगू? म्हणून हे लिहायला बसले.

त्या संध्याकाळी लातूरला परतलो तेव्हा मामा ओट्यावरच होते. लेकीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि आत पळाली, बापाला फोन करायला. मी त्यांच्याजवळ बसले. हिंमत गोळा केली.

"मामा, माझं चुकलं. पाच वर्षांमागं मी तो फॉर्म घेतला असता, तर इतकी घाई झाली नसती. आणि तुमच्या तोंडून तो शब्द... इतक्या वर्षांनी, माझ्यामुळं काढावा लागला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले:

"हरवलेली चीज काढाया जड जातंय गं. म्या ती टाकली हुती. टाकलेल्याचा ठिकाणा ठाऊक असतो माणसाला. पोरीचं काम झालं ना? झालं मंग. आता त्या उताऱ्याच्या धा झेराक्स मारून ठिव. न्हाईतर हिच्या लेकरांच्या टायमाला पुन्यांदा मला त्या शाळंत न्हेशील, अन् त्यो गैरहाजरीवाला रकाना बघून माझं डोस्कं फिरंल."